वाचक विचारतात : मुंबईच्या घरात वाइन साठवायची कशी?

वाइन कोणती घ्यावी, कशाबरोबर प्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घरात आणलेली बाटली दोन वर्षं नीट कशी ठेवायची हे सांगणारे फार कमी. नाशिकला गेलं की दोन खोकी येतात, परदेशातून येणारे पाहुणे एखादी भेट देतात, आणि बघता बघता सहाच्या चाळीस बाटल्या होतात. या वेळी निवडलेली सगळी पत्रं साठवणुकीची आहेत. आमचं म्हणणं आधीच सांगतो: मुंबईत बाटल्या वाढवण्याआधी गारव्याची जागा वाढवावी लागते. क्रम उलटा झाला की चांगल्या वाइनचे पैसे वाया जातात.

प्रश्न : परळला पंधराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. चाळीसेक बाटल्या जमल्या आहेत. निम्म्या हॉलच्या शोकेसमध्ये उभ्या, निम्म्या बेडरूमच्या माळ्यावर आडव्या. बेडरूममध्ये रात्री एसी २४ वर असतो. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. आणि दोन जागांपैकी माळा जास्त वाईट आहे.

वाइन दीर्घकाळ ठेवायची तर १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि ते वर्षभर जवळपास तेवढंच राहावं लागतं. मुंबईत मे महिन्यात रात्रीचं तापमानही २६ च्या खाली सहसा येत नाही. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ३२ अंशांच्या खोलीत वाइन नुसती लवकर म्हातारी होत नाही, वेगळ्याच वाटेने म्हातारी होते: फळाचा ताजा वास जाऊन शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो, पांढरी वाइन पिवळट-तपकिरी होते.

दुसरं नुकसान बुचाचं. ७५० मिलीची बाटली १३ अंशांवरून ३२ वर गेली की आतली वाइन फुगून सुमारे ४ मिलीने वाढते. ऐकायला हे थोडं वाटतं, पण बाटलीच्या मानेत बुचाखाली मोकळी जागा असते जेमतेम दीड सेंटिमीटर. तिथली हवा दाबली जाते, बूच वर सरकतं, कधी बुचाच्या कडेने वाइन झिरपते. तुमच्या बेडरूममध्ये हेच रोज घडतंय: रात्री २४, दिवसा एसी बंद झाल्यावर ३१-३२. बाटली प्रत्येक वेळी तेवढी गार-गरम झाली तर दिवसाला २ मिलीची ये-जा होते. गरम झाल्यावर हवा बाहेर ढकलली जाते, गार झाल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेतला प्राणवायू वाइन खराब करतो. त्यामुळे रात्रीपुरता लावलेला एसी वाइनच्या दृष्टीने फारसा उपकार करत नाही. त्यातून माळा छताला लागून. खोलीतली सगळ्यात गरम हवा तिथेच जमते.

शोकेसमधला शत्रू प्रकाश. उन्हाचा किंवा शोकेसच्या दिव्यांचा प्रकाश वाइनमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वावर पडला की गंधकाची संयुगं तयार होतात आणि वाइनला शिजलेल्या कोबीसारखा वास लागतो. पारदर्शक काचेतली रोझे (गुलाबी) आणि पांढरी वाइन यात सर्वांत आधी जाते. थेट ऊन असेल तर काही तासांतसुद्धा.

आजच्या आज काय करता येईल ते सांगतो. कमाल-किमान तापमान नोंदवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर आणा. तो घरातल्या चार-पाच जागी तीन-तीन दिवस ठेवा आणि आकडे लिहून काढा. सरासरीपेक्षा कमाल आणि किमान यांतलं अंतर जास्त महत्त्वाचं. बहुतेक घरांत दोन जागा जिंकतात: दिवाणाच्या आतला कप्पा, आणि घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. पश्चिमेची भिंत, फ्रिजचं डोकं, गॅसशेजारची ट्रॉली आणि गिझरजवळचा माळा या जागा आकडे न घेताच बाद करा. कपाटात डांबराच्या गोळ्या, रंगाचे डबे किंवा रॉकेल असेल तर तेही बाद; बुचातून वास हळूहळू आत जातो.

पण दिवाणातही मे महिन्यात २८-२९ अंश असणारच. म्हणून तिथे फक्त पुढच्या दोन-तीन महिन्यांत उघडायच्या बाटल्या ठेवा. उरलेल्यांतल्या चांगल्या दहा-बारा घरच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात आडव्या. फ्रिजमध्ये वाइन ठेवू नये असं सरसकट सांगितलं जातं. ४-५ अंशांत वाइनचं मुरणं जवळपास थांबतं आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची कोरडी हवा काही महिन्यांनी बूच सुकवते, हे खरं. पण सहा महिन्यांपर्यंत फ्रिज हा माळ्यापेक्षा कितीतरी बरा. दारातल्या कप्प्यात मात्र ठेवू नका, दर वेळी दार उघडताना हिसका बसतो. आणि चाळीसचा आकडा खाली येणार नसेल, तर पुढचं खोकं आणण्याआधी वाइनचं वेगळं कपाट घ्या.

प्रश्न : घाटकोपरच्या दुकानात ४६ बाटल्यांचा वाइन फ्रिज पाहिला. विक्रेता म्हणतो, कॉम्प्रेसर नसलेला घ्या, अजिबात आवाज नाही आणि बाटल्या हलत नाहीत. घ्यावा का?

मुंबईत घेऊ नका. कॉम्प्रेसर नसलेल्या फ्रिजमध्ये थर्मोइलेक्ट्रिक पट्टी, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणारी पट्टी असते. ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १० ते १५ अंश खाली जाऊ शकते, त्याहून खाली नाही. खोली ३३ अंशांवर असेल तर आत १८ ते २३. समोरच्या आकड्यावर १२ लावता येतात, पण लावले म्हणून होत नाहीत. वर पट्टी आणि पंखा चोवीस तास चालत राहतात आणि पंखा लवकर जातो. थंड हवेच्या ठिकाणी हे यंत्र ठीक, इथे नाही.

कॉम्प्रेसरवाला घ्या आणि मागच्या प्लेटवर हवामान-वर्ग कोणता लिहिलाय ते वाचा. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याला ‘एसटी’ किंवा ‘टी’ हवा. ‘एन’ वर्गाचं यंत्र मे महिन्यात धापा टाकतं आणि कॉम्प्रेसर लवकर जाण्याची भीती असते. कंपनाची भीती फार मनावर घेऊ नका. चांगल्या यंत्रात कॉम्प्रेसर रबरी पायांवर असतो, आणि हलण्याने मुख्यतः जुन्या लाल वाइनचा तळाचा गाळ ढवळला जातो. उष्णतेचं नुकसान त्यापुढे फार मोठं.

‘४६ बाटल्या’ हा आकडा सरळ खांद्याच्या, साडेसात सेंटिमीटर जाडीच्या बोर्डो बाटलीवर काढलेला असतो. उतरत्या खांद्याच्या बर्गंडी बाटल्या आठ सेंटिमीटरच्या वर जातात आणि स्पार्कलिंगच्या, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनच्या, जवळपास नऊ. मिसळ साठा असेल तर ४६ च्या फ्रिजमध्ये ३५ धरा. जाड बाटली कोंबून सरकवली की लेबल फाटतं. सरकत्या फळ्या असलेला घ्या, आणि शक्य असेल तर दुकानात आपली सर्वांत जाड बाटली घेऊन जाऊन पाहा.

दोन झोनचा, म्हणजे दोन वेगळ्या तापमानांच्या कप्प्यांचा फ्रिज हवा का, असंही बरेच जण विचारतात. साठवणीसाठी नको. लाल आणि पांढरी दोन्ही १३-१४ अंशांवर सुखाने राहतात. फरक फक्त पिण्याच्या वेळी करायचा असतो. पांढरी अर्धा-एक तास आधी घरच्या फ्रिजमध्ये, लाल अर्धा-पाऊण तास आधी टेबलावर. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम १६-१८ अंशांच्या खोल्यांचा आहे, मुंबईच्या हॉलचा नाही.

सुतारकाम चालू असेल तर हे आधी वाचा. सुटं ठेवायच्या यंत्राची गरम हवा मागून बाहेर पडते. त्याला प्लायवुडच्या खणात बसवलं की तीच गरम हवा परत आत ओढली जाते. ओट्याखाली बसवायचं असेल तर जाळी पुढे, खालच्या बाजूला असलेलं मॉडेलच लागतं. सुट्या यंत्रामागे १० सेंटिमीटर आणि बाजूंना ५ सेंटिमीटर मोकळे ठेवा. कंपनीच्या पुस्तिकेत याहून जास्त सांगितलं असेल तर तेवढे. आणताना आडवं झोपवून आणलं असेल तर चोवीस तास उभं ठेवून मगच सुरू करा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरावं लागतं. प्लग थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

बाटल्या भरण्याआधी तीन दिवसांची परीक्षा घ्या. रिकाम्या वाइनच्या दोन बाटल्या पाण्याने भरा, एक वरच्या फळीवर, एक खालच्या. फ्रिज १४ वर लावा. तिसऱ्या दिवशी बाटल्यांतल्या पाण्याचं तापमान मोजा. समोरचा आकडा सेन्सरजवळच्या हवेचा असतो आणि दार उघडलं की उड्या मारतो; वाइनला कळतं ते पाण्याचं तापमान. वर-खाली २ ते ४ अंशांचा फरक आढळेल. तो दोष नाही. पांढऱ्या आणि स्पार्कलिंग खाली, लाल वर ठेवा. दोन्हीकडे १७ च्या वर असेल तर यंत्र परत करा.

प्रश्न : पावसाळ्यात वाइन फ्रिजच्या काचेवरून पाणी ओघळतं, बाटल्यांची लेबलं काळी पडली आहेत, आणि फ्रिजमागच्या प्लायवुडला बुरशी आली आहे. फ्रिज बिघडला का? आतली वाइन गेली का? (वर्सोवा)

फ्रिज बहुधा ठीक आहे आणि वाइनही. लेबलावरची किंवा बुचाच्या बाहेरच्या टोकावरची बुरशी वाइनपर्यंत पोचत नाही. उघडताना कॅप्सूल (बुचावरचं पातळ आवरण) काढून बुचाचं डोकं आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, बस.

कारण हे. जुलैत हवा २९ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २६ पेक्षा गार असलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी धरणार: फ्रिजची काच, दाराची चौकट, आणि बाहेर काढलेली बाटली. दर वेळी दार उघडलं की तीच दमट हवा आत शिरते आणि गार लेबलांवर बसते.

आधी रबर तपासा. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट अडकून ओढावी लागली पाहिजे. सहज निघाली तर त्या जागी रबर सैल आहे. दाराच्या चारही बाजूंना, दर वीतभर अंतरावर असं करून पाहा. खालचा बिजागरीकडचा कोपरा सर्वांत आधी जातो. रबर मळलेलं असेल तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घड्यांच्या आतून जुन्या टूथब्रशने साफ करा. कडक झालं असेल तर बदला. यंत्र बदलायची गरज नाही.

मग तापमान. पावसाळ्यात १२ चा हट्ट सोडून १४ वर आणा. वाइनला त्या दोन अंशांनी काही होत नाही, काचेवरचं पाणी मात्र कमी होतं. दार दिवसाला एकदाच उघडा. पाहुण्यांना साठा दाखवायचा असेल तर काचेतून दाखवा.

आतली आर्द्रता ५० ते ७० टक्के असावी. पण आर्द्रतामापकावर डोळे झाकून विसावू नका. स्वस्त मापक दहा टक्के चुकतात. तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळू देऊ नका. हे झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत हवाबंद करून बारा तास ठेवा. आत आर्द्रता बरोबर ७५ टक्के होते. मापक ८२ दाखवत असेल तर तो ७ जास्त सांगतो हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. खरी आर्द्रता ७५ च्या वर राहत असेल तर आत सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि रंग बदलला की ती वाळवून परत वापरा. ५० च्या खाली उतरू देऊ नका.

लेबल जपायचं असेल तर बाटली आत ठेवण्याआधी लेबलाभोवती स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म एक वेढा गुंडाळा. बाटली कोरडी असतानाच, नाहीतर ओल आतच कोंडली जाते. प्लायवुडची बुरशी जाण्यासाठी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढा आणि मागून हवा खेळू द्या. वर्सोव्यासारख्या समुद्राकाठी मागच्या कॉइलवर खारट ओल आणि धूळ मिळून थर बसतो आणि तांबं गंजतं. दर तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने झटका. मागे झुरळं झाली असतील तर जेल लावा, फवारा नको.

प्रश्न : फिरकीच्या झाकणाची बाटलीही आडवीच ठेवायची का?

गरज नाही. आडवी ठेवायची ती बूच आतून ओलं राहावं म्हणून. झाकणाला तो प्रश्नच नाही, उभी ठेवा आणि जागा वाचवा. स्पार्कलिंगही उभी चालते. बाटलीतल्या वायूच्या दाबाखाली बूच नीट फुगलेलं राहतं. उष्णता आणि उजेडाचे नियम मात्र सगळ्यांना सारखे.

प्रश्न : अंधेरीच्या घरात ४ बाय ६ फुटांची कोठी आहे. दोनशे बाटल्यांसाठी तिथे एक टनाचा स्प्लिट एसी लावून वाइनची खोली करायची आहे. सुतार आणि एसीवाला दोघेही म्हणतात, सहज होईल.

सहज होणार नाही. घरगुती स्प्लिट एसी १६ अंशांच्या खाली लावताच येत नाही, आणि तिथे तो सतत चालवला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. एवढ्याशा खोलीला एक टन फार मोठा: पाच मिनिटांत गार करतो, बंद होतो, परत सुरू होतो. तापमान करवतीच्या दातांसारखं वर-खाली होत राहतं, आणि तेच आपल्याला नको आहे.

खोली करायचीच तर वाइनसाठी बनवलेलं कूलिंग युनिट लागतं. त्याची गरम हवा घराबाहेर सोडावी लागते, पॅसेजमध्ये सोडलीत तर पॅसेज भट्टी होईल. भिंती, छत, जमीन आणि दार, सहाही बाजूंना किमान ७५ मिलिमीटर पफ पॅनेल, म्हणजे फोम भरलेलं उष्णतारोधक पॅनेल लागतं. एक भिंत सोडली की सगळं पाण्यात. दाराला चारही बाजूंनी रबर लागतं. आणि ज्यावर मुंबईत हमखास चूक होते ते: बाष्परोधक थर इन्सुलेशनच्या बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला लागतो. युरोप-अमेरिकेतल्या घरांचे नकाशे पाहून तो आतल्या बाजूला लावला की बाहेरची दमट हवा इन्सुलेशनमध्ये शिरून आतल्या गार थरावर पाणी होते. दोन पावसाळ्यांत भिंत फुगते, शेजारच्या बेडरूमचा रंग पोपडे धरतो, आणि गळती कुठली हे शोधत प्लंबर फिरत राहतो.

दोनशे बाटल्यांसाठी आमचा सल्ला शंभर-शंभरची दोन कपाटं. एक बंद पडलं तर दुसऱ्यात महत्त्वाच्या बाटल्या हलवता येतात, घर बदललं तर बरोबर नेता येतात, आणि लिफ्टमध्ये मावतात. लिफ्टचं आणि घराच्या दारांचं माप आधी घ्या, कपाटाच्या हँडलसकट.

वजनाचा हिशेब मात्र करा. भरलेली बाटली सरासरी १.३ किलो. शंभर बाटल्यांचे १३० किलो, वर कपाटाचे स्वतःचे. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरतं. कपाटाचा पाया अर्धा चौरस मीटरही नसतो. म्हणून कपाट खोलीच्या मध्यावर नको, तुळईवर उभ्या असलेल्या भिंतीला लागून ठेवा, आणि दोन्ही कपाटं एकमेकांशेजारी नकोत. गिरगाव-लालबागच्या लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. बंद केलेली बाल्कनी ऊन-पावसामुळे कोणत्याही परिस्थितीत नको.

प्रश्न : पांढऱ्या वाइनच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. फ्रिजच्या गारव्याने बाटली आतून फुटली का? (डोंबिवली)

काच नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे ते पोटॅशियमबरोबर झालेले स्फटिक आहेत. हेच आम्ल आपल्या चिंचेत असतं. गारव्यात ते वाइनमध्ये विरघळून राहत नाही आणि तळाशी किंवा बुचाच्या टोकाला चिकटतं. लाल वाइनमध्ये रंग धरून ते माणकासारखं दिसतं. खात्री करायची तर एक खडा चिमटीत घेऊन गरम पाण्यात टाका: स्फटिक विरघळतो, काच तशीच राहते. बाटली तासभर उभी ठेवून हळू ओता, तळाचा शेवटचा घोट सोडून द्या. पिण्यात काहीच धोका नाही.

प्रश्न : बाटल्या जपून ठेवल्या की वाइन चांगली होते म्हणतात. मग सगळ्याच पाच-सात वर्षं ठेवू का? (मुलुंड)

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. जगात विकली जाणारी बहुतेक वाइन बाजारात आल्यापासून दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते, आणि आपल्याकडचीही. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन आणि रोझे दीड-दोन वर्षांत संपवा; त्यांचं सौंदर्यच ताजेपणात आहे. साधी लाल दोन-तीन वर्षं. ओक पिंपात मुरवलेल्या, वरच्या श्रेणीच्या भारतीय लाल वाइन, म्हणजे सुलाची रासा, ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते अशा, नीट गारव्यात पाच-सात वर्षं चांगल्या राहतात. त्या घ्यायच्याच असतील तर एकाच सालाच्या तीन घ्या: एक आता उघडा, एक दोन वर्षांनी, तिसरी दुसरीची चव पाहून ठरवा. एकटी बाटली जपली की ती कधी उघडायची ते कधीच कळत नाही.

बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. ते वाचताना लक्षात ठेवा की नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, युरोपची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. एकाच सालाची नाशिकची वाइन सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

वही ठेवा. बाटलीला मानेत दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवा आणि तिच्यावर फक्त क्रमांक लिहा. वहीत क्रमांकापुढे नाव, साल, घेतल्याची तारीख, फळी आणि ‘कधीपर्यंत उघडावी’ ही तारीख. शेवटचा रकाना पेन्सिलने भरा, चव पाहिल्यावर बदलायचा असतो. चिठ्ठ्या बाहेरच्या बाजूला दिसल्या की दार उघडं ठेवून बाटल्या फिरवत बसावं लागत नाही. दर तीन महिन्यांनी वही घेऊन बसा आणि मुदत जवळ आलेल्या बाटल्या पुढच्या फळीवर आणा. महिन्याला चार आणून दोन उघडत असाल तर वर्षाला चोवीस वाढतात. पुढचं कपाट कधी लागेल हे याच हिशेबात दिसतं.

प्रश्न : घरात एवढ्या बाटल्या ठेवणं कायद्यात बसतं का?

महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा असते. साठा वाढणार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या आपल्या भागातल्या कार्यालयात जाऊन परवाना आणि सध्याची मर्यादा लेखी विचारून घ्या. दुकानांची बिलं फाइलमध्ये लावा. विमानाने येताना एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या पूर्ण बसतात.

प्रश्न : मे महिन्यात नाशिकहून दोन खोकी आणली. एका बाटलीचं बूच अर्धा सेंटिमीटर वर आलंय आणि कॅप्सूल चिकट लागतेय. वायनरीत बदलून मागावी का?

वायनरीत बाटली बिघडली असण्याची शक्यता कमी; गाडीच्या डिकीत बिघडली असणं जास्त संभवतं. इगतपुरीला जेवायला थांबून तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत तापमान सहज ५० च्या वर जातं. तेवढ्यात वाइन फुगून बूच ढकलते. ती बाटली आठवड्याभरात उघडा आणि चव पाहा. मुरंब्यासारखी, कडेला तपकिरी झाली असेल तर मटणाच्या रश्शात वापरा. त्याच खोक्यातल्या बाकीच्या बाटल्यांची बुचं बोटाने चाचपा. काठाशी सपाट असतील आणि कॅप्सूल हाताने फिरत असेल तर त्या बहुधा वाचल्या आहेत, पण त्या पाच वर्षांसाठी ठेवू नका. वहीत त्यांच्यापुढे फुली मारून याच वर्षी संपवा.

पुढच्या वेळी थर्मोकोलचा मासळीवाल्यांचा असतो तसा पण नवा खोका न्या, त्यात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, आणि खोका डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या हवेत. सकाळी लवकर खरेदी करून कसारा घाट उन्हं चढण्याआधी उतरा, जेवण घरी. आणलेल्या बाटल्या लगेच उघडू नका. आठवडाभर आडव्या, गार जागी ठेवा, आणि तळाला गाळ असलेली जुनी लाल असेल तर उघडण्याआधी एक दिवस उभी करा.